पैदाशीचा घोडा : अंगचा गुण आणि कामाचे वळण



ऊस, पाणी आणि खत यांवर आपण या पानांतून नेहमीच वाचतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या दावणीबाहेरचा नाही. आपल्याकडे अजूनही कुणाकुणाच्या दारात घोडी बांधलेली दिसते. कुणी हौसेने ठेवतो, कुणी लग्नाच्या वरातीला देतो, मेंढपाळ बांधव बिऱ्हाड लादायला ठेवतात, आणि पुणे जिल्ह्यातल्या घाटाच्या शर्यतीत तर बैलांपुढे घोडी पळवण्याची जुनी रीत आहे. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तेव्हा ही रीत पुढेही चालणार.

घोडी दारात आली की शिंगराची हौस येते, आणि मग प्रश्न पडतो, घोडा कुणाचा लावायचा? सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत जाऊन बघा. घोड्याची उंची मोजली जाते, रंग पाहिला जातो, देवमण आहे का, भोवरा कुठे आहे, यावर तासभर चर्चा होते. ढोलकीवर नाचला तर भाव वाढतो. एकच प्रश्न फार थोडे लोक विचारतात : हा घोडा घरातल्या माणसाला धरता येतो का?

आजचा पाठ या एका प्रश्नाचा आहे. भोवरा शिंगराच्या कपाळावर उतरेल न उतरेल, पण बापाचा स्वभाव काही अंशी उतरतोच. आणि उतरला की तो दहा घरच्या दावणीला जातो.

१. अंडील घोडा मुळात कसा असतो?

खच्ची न केलेल्या नराला आपण अंडील घोडा म्हणतो. 'अंडील म्हणजे मारका' अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. घोडा हे कळपाचे जनावर. कळपातला नर घोड्या राखतो, दुसऱ्या नराला हटवतो आणि धोक्याकडे कान लावून असतो. ही त्याची जन्माची नोकरी आहे. दुसरे म्हणजे घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण बरोबर मागचे आणि नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप गेलेल्या माणसाला लाथ बसते, ती बहुधा रागाने नव्हे, भीतीने बसते.

तिसरी गोष्ट, नर शिंगरू लहानपणी तोंडाने खेळते. चिमटे काढते, बाही ओढते. आपण हसतो, हातावर गूळ देतो. तेच शिंगरू तीन वर्षांचे झाले की त्याच खेळात माणसाचा दंड सुजवते. शिंगराने नवे काही केलेले नसते, त्याचे दात मोठे झालेले असतात एवढेच. म्हणून नर शिंगराला खाऊ हातावर देऊ नये, घमेल्यात द्यावा. आणि चावरेपणाला पहिल्या दिवसापासून नाही म्हणावे.

साधारण दीड-दोन वर्षांत नर घोडी गाभण करू शकतो, काही त्याच्याही आधी करतात. म्हणून एक वर्षाच्या आत नर आणि मादी शिंगरे वेगळी बांधावीत. पण वयात आला म्हणजे पैदाशीला योग्य झाला असे नाही. तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत घोडी दाखवू नये, आणि त्याआधी त्याने माणसाचे ऐकायला शिकलेले असावे.

२. एका घोड्याची खरी हकीकत

शांत आणि कामाचा घोडा पैदाशीला लावला तर काय होते, याचा दाखला अमेरिकेत सापडतो. व्हर्माँट हे तिथले एक डोंगराळ राज्य. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस जस्टिन मॉर्गन नावाचे एक शिक्षक राहत. त्यांच्याकडे १७८९ साली जन्मलेला एक लहान अंडील घोडा आला. नाव होते 'फिगर'. उंची जेमतेम १४ मूठ, म्हणजे सुमारे ५६ इंच. यात्रेत कुणी वळून पाहिले नसते एवढाच.

त्या काळी तिथे जंगल तोडून शेती काढण्याचे काम चालू होते. मॉर्गन यांनी हा घोडा वर्षाला १५ डॉलरच्या बोलीने एका शेतकऱ्याला कामाला दिला. दिवसभर ओंडके ओढायचे, जमीन साफ करायची. त्यातून वेळ मिळाला की ओंडके ओढण्याची पैज, पळण्याची पैज, कधी खोगीर घालून रपेट, कधी गाडी. मोठाले घोडे जिथे अडले तिथे हा ओढून गेला, असे तिकडचे लोक अजून सांगतात. आणि हे सगळे करत असताना तो पैदाशीलाही होता. कामाच्या घोड्यावर गावातला कुणीही बसू शकतो अशी त्याची ख्याती होती.

पुढे त्याचे मालक अनेकदा बदलले. मॉर्गन वारल्यानंतर लोक घोड्यालाच 'जस्टिन मॉर्गन' म्हणू लागले. त्याची शिंगरे वेगवेगळ्या घोड्यांपासून झाली, पण बापाचा बांधा, दम आणि शहाणपण त्यांच्यात ठळक उतरले. त्यांतूनच 'मॉर्गन' ही घोड्याची जात उभी राहिली, आणि १९६१ साली व्हर्माँटने तिला आपला राज्यप्राणी ठरवले. एका ठेंगण्या घोड्यापासून एक जात!

या हकीकतीचा शेवट मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८२१ साली, बत्तीस वर्षांचा असताना, दुसऱ्या घोड्याची लाथ लागून त्याला जखम झाली. तिच्यावर उपचार झाला नाही आणि तो गेला. जन्मभर ज्याने घरे उभी केली त्याला म्हातारपणी आडोसा आणि औषध मिळाले नाही. घोडा ठेवणाऱ्याने हेही वाचावे.

३. काम हेच वळण

आपल्याकडची चूक कुठे होते? पैदाशीचा घोडा म्हटला की त्याला काम द्यायचे नाही, अंधाऱ्या खोलीत अगाडी-पिछाडी लावून एकटा बांधायचा, चंदी भरपूर घालायची आणि घोडी आली की बाहेर काढायचे. विचार करा, त्या जनावराला बाहेर येणे म्हणजे घोडी, एवढेच माहीत होते. मग तो दोन पायांवर उभा राहतो, ओरडतो, धरणाऱ्याला फरफटतो. आणि आपण म्हणतो, काय तेज आहे! ते तेज नव्हे, ती कोंडी आहे.

स्वित्झर्लंडमध्ये आवांश येथे सरकारी घोडेपैदास केंद्र आहे. तिथे पैदाशीचा हंगाम संपल्यावर अंडील घोड्यांना मोठ्या कुरणात एकत्र सोडून अभ्यास झाला. पहिले काही दिवस धुसफूस झाली, नंतर ते गुण्यागोविंदाने चरू लागले. आपल्याकडे तेवढी कुरणे नाहीत, आणि इथे कुणी दोन अंडील घोडे एकत्र सोडावेत असेही म्हणणे नाही. घ्यायचे ते एवढेच, की अंडील घोड्यालाही सोबत लागते. निदान दुसरी जनावरे दिसतील अशा उजेडाच्या जागी त्याला ठेवावा, आणि रोज मोकळे फिरू द्यावे.

ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरातली स्पॅनिश रायडिंग स्कूल ही जुनी अश्वशाळा जगप्रसिद्ध आहे. तिथले कसरतीचे पांढरे लिपिझानर घोडे अंडील असतात. अनेक वर्षे त्यांना शिकवतात, आणि शाळेत जे कामाला, स्वभावाला उतरतात त्यांतूनच पैदाशीचे घोडे निवडतात. आधी काम, मग पैदास. हा क्रम आपणही घ्यावा.

रोजच्या वळणासाठी हे करावे :

(अ) दिवसातून एकदा खरारा. सर्व अंगावर हात फिरवावा, चारही पाय उचलून खूर साफ करावेत. पाय देणारा घोडा नालबंदाला त्रास देत नाही.

(आ) रोज तासभर तरी काम. खोगीर, हलकी गाडी, लांब दोरावर दुडकी, मळ्यापर्यंत ने-आण, काहीही चालेल. काम बदलते ठेवावे. ट्रॅक्टर, भोंगा, उसाच्या गाड्यांची रहदारी यांची सवय हळूहळू लावावी.

(इ) 'थांब', 'मागे', 'चल' हे तीन शब्द पक्के असावेत, आणि घरातले सगळे जण तेच शब्द वापरतील असे पाहावे. एकाने 'हो' म्हणायचे आणि दुसऱ्याने 'ए' म्हणायचे, मग घोड्याने ऐकायचे कुणाचे?

(ई) कामाची म्होरकी वेगळी आणि घोडी दाखवतानाची वेगळी. जागाही वेगळी. थोड्याच दिवसांत घोड्याला कळते की आज कोणते काम आहे. मग वरातीत घोडी शेजारी आली तरी तो कामाच्या म्होरकीत कामातच राहतो.

(उ) तोंडावर मारू नये. तोंडावर मारलेला घोडा हात दिसताच चावायला येतो. चूक झाली तर त्याच क्षणी खडसावावे आणि तिथेच विषय संपवावा. तासाभराने मारलेला चाबूक कशासाठी, हे घोड्याला कळत नाही.

आणि कितीही शांत असला तरी तो अंडील आहे हे विसरू नये. लहान मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये. धरताना दोर हाताला गुंडाळू नये. खांद्याच्या बाजूने, डावीकडून, आवाज देऊन जवळ जावे.

४. चंदी-वैरण : घोडं पेंड खातं ते इथंच

गळीत हंगामात वाढे मुबलक मिळते, म्हणून घोड्यापुढेही तेच पडते. सोबत कोंड्याचे आंबोण. गाई-म्हशींच्या हिशोबाने घोड्याला घालणे इथे महागात पडते. वाढ्यात ऑक्झलेट असते, ते चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवते. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी. दोन्ही महिनोन्‌महिने मुख्य खुराक झाले तर घोडा आपल्याच हाडांतला चुना काढून वापरतो. आधी तो आखडून चालतो, लंगड कधी या पायाची तर कधी त्या पायाची दिसते. पुढे तोंडाची हाडे फुगतात, चावता येत नाही. यात्रेत असा घोडा 'मुरगळला आहे' म्हणून विकला जातो. खरे कारण त्याच्या गव्हाणीत असते.

उपाय साधा आहे. वाढे थोडेच द्यावे. मुख्य वैरण वाळलेले गवत, कडबा-कुट्टी आणि थोडा लसूणघास अशी ठेवावी. लसूणघासात कॅल्शियम चांगला असतो. क्षार-मिश्रण डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे आणि मिठाचा खडा चाटायला ठेवावा.

साधारण ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ किलोच्या आसपास कोरडी वैरण-चंदी लागते, आणि तीतला मोठा वाटा वैरणीचाच असावा. भरडलेले ओट, बार्ली, भिजवलेला हरभरा ही चंदी कामाच्या मानाने दोन-तीन वेळा विभागून द्यावी. घोड्याचे पोट लहान असते आणि त्याला ओकता येत नाही, म्हणून एकदम खाल्लेल्या दाण्याने पोटशूळ उठतो. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात अधिकही. काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करावी.

या गोष्टी घोड्यापुढे कधीही ठेवू नयेत :

कोंबड्यांचे खाद्य आणि मोनेन्सिन घातलेले पशुखाद्य. मोनेन्सिनने गाईला अपाय होत नाही, पण घोड्याचे हृदय निकामी होते. पशुखाद्याच्या पिशवीवर काय छापले आहे ते वाचल्याशिवाय घालू नये.

युरिया-मळीची चाटण वीट किंवा युरिया लावलेला चारा. ही योजना रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी आहे, घोडा रवंथ करत नाही. साधी मळी चवीपुरती चालते.

बुरशी लागलेला मका. त्याचे विष घोड्याच्या मेंदूवर जाते.

आणखी एक. 'ताकद यावी' म्हणून काही जण घोड्याला संप्रेरकांची इंजेक्शने देतात. त्याने अंग भरते, पण बीज कमी होते आणि घोडा तापट होतो. पैदाशीच्या घोड्याला याहून वाईट काही नाही.

५. घोडी दाखवताना

दिवस मोठा होऊ लागला की घोडीचा माज नियमित होतो. म्हणजे आपल्याकडे गळीत हंगामाच्या उत्तरार्धापासून पुढे. माज सुमारे २१ दिवसांनी येतो आणि साधारण ५ ते ७ दिवस टिकतो. माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड दाखवावी. गाभण राहिली की नाही हे डॉक्टर सोनोग्राफीने पंधरा-सोळा दिवसांत सांगू शकतात. गाभणकाळ सुमारे ११ महिने.

पहिल्या हंगामात तीन वर्षांच्या घोड्याला दहा-पंधरा घोड्यांपेक्षा जास्त देऊ नयेत. पुरत्या वयाच्या घोड्यालाही दिवसाला एक पुरे, आणि आठवड्यात विसाव्याचे दिवस हवेत. घोड्याचे बीज तयार व्हायला सुमारे ५७ दिवस लागतात. म्हणून आज ताप आला किंवा उन्हाचा चटका बसला तर त्याचा परिणाम दीड-दोन महिने दिसतो. अशा वेळी घोडी उलटली तर घोड्याला दोष देण्याआधी मागचे दोन महिने आठवावेत.

जागा मऊ मातीची आणि मोकळी असावी. बघ्यांची गर्दी नको. घोडीची शेपटी बांधावी, दोघांचेही अंग साध्या स्वच्छ पाण्याने धुवावे, साबण लावू नये. घोडी धरणारा आणि घोडा धरणारा दोघेही एकाच बाजूला उभे राहावेत, घोडीच्या मागे कुणीही नसावे. घोडा 'थांब' म्हणताच थांबत असेल तरच पुढे आणावा. इथेच रोजच्या कामातले वळण उपयोगी पडते. घोडा उतरताच घोडीचे तोंड धरणाऱ्याकडे वळवावे, म्हणजे तिचे मागचे पाय घोड्यापासून दूर जातात.

परगावची घोडी घेण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी पाहावी. हा रोग माणसालाही होतो, आणि कायद्याने त्याची खबर देणे बंधनकारक आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात याच्या तपासणीची सोय आहे, नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवावा. धनुर्वाताची लस वेळेवर टोचावी, कारण घोड्याला तो फार लवकर होतो. अधूनमधून ताप, पायांवर सूज आणि खंगत जाणे दिसले तर चावऱ्या माश्यांपासून होणाऱ्या सर्रा रोगाची शंका घ्यावी.

६. हिशोब आणि निर्णय

एक घोडी वर्षाला फार तर एक शिंगरू देते. पण एका घोड्याला वर्षाला वीस घोड्या दाखवल्या आणि त्यांतल्या बारा व्याल्या, तर पाच वर्षांत साठ शिंगरे झाली. म्हणजे घोडीची खोड एका घरापुरती राहते, घोड्याची खोड तालुकाभर जाते. मारका स्वभाव सगळाच रक्तातून येत नाही, वागणुकीतूनही येतो हे खरे. पण घोडा लावणाऱ्याला त्यातला कोणता भाग कुठला हे सांगता येत नाही. म्हणून नियम सोपा ठेवावा : जो घोडा चांगल्या वागणुकीत, रोजच्या कामात ठेवूनही माणसावर चालून येतो, त्याची पैदास घेऊ नये.

अशा घोड्याचे खच्चीकरण करावे. यात कमीपणा नाही. एक-दोन वर्षांच्या वयात, थंडीच्या कोरड्या दिवसांत, पशुवैद्यकाकडून भूल देऊनच ते करावे. ठेचण्या-बडवण्याचा जुना प्रकार क्रूर आहे. नंतरही काही आठवडे बीज शिल्लक असते, म्हणून महिनाभर तरी त्याला घोड्यांपासून दूर ठेवावा. खच्ची केलेला घोडा वरातीला, गाडीला, मुलांच्या रपेटीला उत्तम. दावणीला एक शांत खच्ची घोडा असणे हे मारक्या अंडील घोड्याच्या मिरवणुकीपेक्षा केव्हाही बरे.

आपल्या मातीतल्या घोड्यांचाही विचार व्हावा. भीमेच्या काठची भीमथडी जनावरे मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. अंगाने आटोपशीर, थोड्या चाऱ्यावर निभावणारी, दगडधोंड्यांत न थकणारी. पुढे ती मेंढपाळांनी बिऱ्हाडाबरोबर जपली. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. उंच परप्रांतीय घोड्याच्या मागे धावताना ही जात घरातल्या घरात संपू नये. तिच्यातला शांत, कामाचा नर हेरून त्याला जपणे हे आपल्याच हातात आहे.

घोडी नेण्याआधी घोड्याची परीक्षा

१. मालकाखेरीज दुसऱ्या माणसाला म्होरकी घालू देतो का?
२. चारही पाय उचलू देतो का?
३. दुसरी घोडी दिसत असताना 'थांब' ऐकतो का?
४. गाडी, खोगीर यांपैकी काही काम रोज करतो का?
५. चंदी खाताना जवळ गेल्यास कान मागे पाडून धावून येतो का?
६. त्याची आधीची शिंगरे कुठे आहेत, आणि त्यांना कोण हाताळते?
७. रक्ततपासणीचा कागद आहे का?

सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मालक घोड्याची स्तुती करणारच. एखाद्या दिवशी सवड काढून त्या शिंगरांच्या गावी जावे. तिथे घरातली बाई किंवा म्हातारा माणूस शिंगराला पाण्यावर नेताना दिसला, तर बिनधोक घोडी न्यावी. शिंगरू दोन दोरांनी बांधलेले आणि माणसे लांबून चारा फेकताना दिसली, तर घोडा कितीही पंचकल्याणी असो, परत फिरावे.